रोजच्या कामात योग : प्रयत्नशैथिल्य नेमकं कुठे, किती आणि कसं?

दशदिशा

सकाळी अर्धा तास आसनं करणारी कितीतरी माणसं उरलेले साडेतेवीस तास खांदे कानांकडे ओढून, जबडा आवळून आणि श्वास छातीतच अडवून वावरतात. आसनं चुकत नाहीत, पण सतरंजी गुंडाळली की अभ्यासही तिच्यासोबत कपाटात जातो. त्यासाठी हा चर्चेचा धागा. पहाटे उठण्याचे उपदेश इथे नकोत, त्यावर आधीच भरपूर धागे आहेत.

पतंजलींनी योगसूत्रांत आसनावर तीनच सूत्रं खर्ची घातली आहेत, २.४६ ते २.४८. त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. 'स्थिरसुखमासनम्' सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं 'प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्' मात्र फारसं कोणाच्या तोंडी नसतं. नको तेवढा जोर काढून घेतला की आसन साधतं, असं ते सांगतं. व्यासभाष्यात (योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत) कारणही दिलंय: प्रयत्न थांबला की अंगाला कंप सुटत नाही. ही गोष्ट पद्मासनापेक्षा भांडी घासताना आणि कीबोर्ड बडवताना शिकणं सोपं, कारण दिवसाचे तास तिथे जातात.

जोर वाया जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

जबडा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकी टेकलेली, ही त्याची विश्रांतीची स्थिती. खाणं-गिळणं सोडून दातांवर दात दाबलेले असायचं काही कारण नाही.

पकड: झाडू, पेन, मोबाइल, लाटणं. हातातली वस्तू सरकायला लागेपर्यंत पकड सैल करत जायची, मग किंचित घट्ट करायची. तेवढीच पुरते. (गाडी चालवताना हा प्रयोग नको.)

पोट: बारीक दिसावं म्हणून सतत आत ओढून धरलेल्या पोटामुळे श्वासपटलाला खाली उतरायला जागा राहत नाही. मग मानेचे आणि खांद्यांचे स्नायू श्वास ओढायला लागतात आणि संध्याकाळी मान दुखते.

करायचं काय, तर दिवसात आपोआप घडणारी एकच खूण निवडायची. दाराच्या कडीला हात लावणं, गॅस पेटवणं, लिफ्टचं बटण, वाजलेला फोन उचलणं, यांतली कुठलीही एक. ती घडली की जबडा, खांदे, पोट या क्रमाने सोडायचं आणि एक श्वास सावकाश बाहेर. पाच सेकंदांचं काम. पंधरवडाभर तीच खूण ठेवायची, दुसरी जोडायची नाही. दर तासाचा गजर लावणारे बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो न बघता बंद करायला लागतात. गजर बाहेरून येतो आणि नेमका कामाच्या मध्ये येतो. कडीला हात लावताना आपण तसेही क्षणभर थांबलेले असतो.

पाटपाणी

छान धागा. एक शंका. जेवायला आणि जपाला खाली बसायचं ठरवलं तर दहा मिनिटांत पाठ भरून येते. ताठ बसलं की कंबर, सैल बसलं की मान. इथे शैथिल्य आणायचं कुठे?

अस्थिसंधी

@पाटपाणी, बसल्यावर तुमचे गुडघे कमरेच्या पातळीपेक्षा वर राहत असणार. मांडीच्या मागचे आणि खुब्याभोवतीचे स्नायू आखडलेले असले की असं होतं. मग कंबर मागे कलंडते, पाठीला बाक येतो आणि तो सावरायला पाठीचे स्नायू सतत ओढून धरावे लागतात. इथे इच्छाशक्तीचा काही उपयोग नाही, उंची बदला.

जाड चादर किंवा सोलापुरी घडी करून ८ ते १० सेंटीमीटर उंच करा. तिच्या मधोमध बसू नका. पुढच्या कडेवर बसा, म्हणजे बसताना टेकणारी दोन हाडं घडीवर आणि मांड्या पुढे उतरत्या राहतील. गुडघे कमरेच्या खाली आले की उंची बरोबर. तरीही गुडघे हवेत राहिले तर त्यांच्याखाली एकेक छोटी उशी सरकवा. लोंबकळणारा गुडघा खुब्याचे स्नायू सैल होऊ देत नाही. मांडी घालताना रोज तोच पाय वर येतो, तो आलटून पालटून घ्या.

आणि 'ताठ' म्हणजे छाती पुढे काढणं नव्हे. तसं केलं की कमरेत खोलगा पडतो, म्हणून तुमची कंबर दुखते. टाळू वर, हनुवटी किंचित आत, पुढच्या बरगड्या खाली सोडलेल्या. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन फार उंच नको, फार नीच नको असं सांगितलंय, ते या हिशेबाने अगदी व्यवहारी आहे.

पायाला मुंग्या आल्या तर सहन करत बसू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या अगदी जवळून एक नस जाते, ती दाबली की पाऊल बधिर होतं. पाय मोकळे करा आणि बधिरपणा पूर्ण गेल्यावरच उठा, नाहीतर पाऊल मुरगळतं.

ओट्यापाशी

स्वयंपाकघराचं थोडं. ओटा आपल्या उंचीला बेतलेला असतोच असं नाही. उंच बाईने बुटक्या ओट्यावर कणीक मळली की ती कमरेतून वाकते. मळायची परात खाली घेऊन मांडी घालून मळा, किंवा परातीखाली जाड पाट ठेवा. उलट ओटा उंच असेल तर खांदे वर चढतात, तिथे स्वतः पाटावर उभं राहायचं. बराच वेळ पोळ्या लाटायच्या असतील तर एक पाय १० ते १५ सेंटीमीटरच्या पाटावर टेकवायचा आणि दर चार-पाच पोळ्यांनी पाय बदलायचा. कमरेवरचा ताण लगेच कमी होतो.

बादली किंवा पाण्याचा वीस लिटरचा जार उचलताना आधी त्याच्या अगदी जवळ जा, गुडघ्यांत वाका आणि उचलण्याच्या क्षणी श्वास सोडा. बहुतेक जण नेमका तिथेच श्वास कोंडतात. कोंडलेल्या श्वासाने पोटातला दाब आणि रक्तदाब दोन्ही एकदम वाढतात. हर्निया, रक्तदाब, बाळंतपणानंतरचे महिने, या सगळ्यांत हे फार महत्त्वाचं आहे.

कुकरच्या शिट्ट्यांची वाट बघताना दीर्घ रेचक (सावकाश, लांब सोडलेला श्वास) करता येतो. त्यावर कोणी जाणकाराने लिहावं.

रेचक

लिहितो. चार अंकांत श्वास आत, सहा अंकांत बाहेर, दोन्ही नाकाने. अंक सेकंदांचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. सुरुवातीला चार-सहा जड जात असेल तर तीन-चार घ्या. प्रमाणापेक्षा रेचक लांब असणं महत्त्वाचं. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून लांब रेचकाने शांत वाटतं.

चुका अशा होतात. पहिली, आकडा गाठायला आधी छाती गच्च भरून घेणं. पूरक (श्वास आत घेणं) नेहमीइतकाच ठेवा, फक्त सोडणं लांबवा. दुसरी, शेवटचा श्वास पोट आवळून पिळून काढणं. त्याने पुढचा श्वास हपापल्यासारखा येतो. तसा आला तर समजा तुम्ही एक-दोन अंक जास्त ओढलेत. तिसरी, जोरजोरात 'भरपूर ऑक्सिजन' घेणं. निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू आधीच ९५ टक्क्यांहून अधिक भरलेला असतो, तिथे फारसं काही वाढत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग चक्कर येते आणि बोटांना मुंग्या. पुष्कळ लोक त्यालाच कुंडलिनी समजतात, असो.

रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, गरोदरपण असेल तर कुंभक (श्वास रोखून धरणं) नको. साधा लांब रेचक चालतो.

अनुलोम-विलोम मात्र कुकरसमोर करू नका. त्याला बैठक हवी आणि पोट रिकामं हवं.

सडेतोड

सगळं उपयोगी आहे, पण हे फिजिओथेरपिस्टसुद्धा सांगतात. दात सुटे ठेवणं हा योग असेल तर दातांचे डॉक्टर म्हणजे सिद्धपुरुष म्हणायचे. धाग्याच्या नावात सूत्र आहे म्हणून विचारतो, यम-नियम कुठे गेले? योगाच्या आठ अंगांत ते पहिले दोन ना? आसन तिसरं.

भाष्यवाचक

@सडेतोड, रास्त आक्षेप. पण शैथिल्य शरीरापुरतं ठेवलं तरच तो लागू पडतो. यमांत (अहिंसा, सत्य, अस्तेय वगैरे) तेच तत्त्व बोलण्याला, हव्यासाला, रागाला लावलेलं दिसतं, आणि त्यासाठी पतंजलींनी जी पद्धत दिलीय ती मोबाइलच्या काळात चपखल बसते. सूत्रं २.३३ आणि २.३४.

२.३४ मध्ये हिंसा वगैरे दोषांची फोड आहे: कृत, कारित, अनुमोदित. म्हणजे स्वतः केलेला, दुसऱ्याकडून करवलेला, आणि कोणी केलेल्याला मान डोलावून पसंती दिलेला. तिन्ही दोषच. प्रत्येकाच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह. आणि प्रत्येक सौम्य, मध्यम किंवा तीव्र. तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस प्रकार. व्यासभाष्य तिथेही न थांबता एक्क्याऐंशीपर्यंत जातं. भाष्यातली उदाहरणं रोकठोक आहेत. मांस आणि कातड्यासाठी हिंसा केली तर लोभ, 'याने माझं वाईट केलं' म्हणून केली तर क्रोध, आणि 'यातून मला धर्म घडेल' म्हणून केली तर मोह.

आता फॅमिली ग्रुपवर कुणाची तरी नालस्ती करणारा मजकूर आलाय असं धरा. लिहिला दुसऱ्याने, म्हणून 'मी कुठे काय केलं' असं वाटतं. पसंतीचं अंगठ्याचं चिन्ह टाकलं की अनुमोदित झालं. पुढे ढकलला की कारितच्या हद्दीत आलो. वर आपली दोन वाक्यं जोडली की कृत. (ही जुळणी माझी आहे, भाष्यातली नव्हे.) यात सगळ्यात घातक तिसरा, मोहाचा प्रकार, कारण 'लोकांना कळायलाच हवं, माझं कर्तव्य आहे' असं म्हणणाऱ्याला आपण रागात आहोत हेच दिसत नाही.

उपाय २.३३ मध्ये: 'वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्', म्हणजे असे दोष सतावू लागले की उलट बाजूचं चिंतन. याचा 'सकारात्मक विचार करा' असा गुळमुळीत अर्थ लावतात, तो २.३४ वाचल्यावर टिकत नाही. दुःख आणि अज्ञान हे याचं न संपणारं फळ आहे, हे समोर आणणं म्हणजे प्रतिपक्षभावन. गोड विचारांचा इथे संबंध नाही, परिणाम डोळ्यांपुढे ठेवायचा. रोज करायचं तर असं: पाठवायच्या बटणावरून बोट उचला. तीन लांब रेचक, @रेचक यांनी सांगितले तसे. मग मनात एकच शब्द ठरवा: लोभ, क्रोध की मोह. मग एका वाक्यात परिणाम, तोही ठोस: 'हे गेलं तर आत्या महिनाभर बोलणार नाही' अशा पातळीचा. 'वातावरण दूषित होईल' असलं मोघम चालत नाही, त्याने बोट थांबत नाही. एवढं करूनही पाठवावंसं वाटलं तर पाठवा. कधीकधी पाठवणंच योग्य असतं.

सत्याचंही तसंच. अजून घरातच असताना 'पाच मिनिटांत पोचतोय' म्हणणं, हे आपल्याकडे खोट्यातसुद्धा धरत नाहीत. त्याऐवजी जागा आणि वेळ सांगा: 'अजून निघालो नाही, साडेसातला पोचेन.' अस्तेय (चोरी न करणं): दहाची मीटिंग दहा वाजून बारा मिनिटांनी सुरू केली आणि आठ माणसं खोळंबली तर आठ गुणिले बारा, म्हणजे शहाण्णव मिनिटं दुसऱ्यांची घेतली. 'खरं ते तोंडावर बोलतो' म्हणणाऱ्यांनी २.३० वरचं भाष्य बघावं. वाणी सगळ्या प्राण्यांच्या भल्यासाठी असावी, त्यांना इजा करायला नव्हे, अशी अट सत्याला तिथेच घातलेली आहे.

सडेतोड

शेवटची ओळ मला उद्देशून आहे असं धरून चालतो :) पटलं. 'कारित' वाचून दोन ग्रुपमधून बाहेर पडावं असं वाटतंय.

भाष्यवाचक

बाहेर पडायची गरज नाही. १.३३ मध्ये चार वृत्ती दिल्यात: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल आनंद, वाईट करणाऱ्याकडे उपेक्षा. सहकाऱ्याला बढती मिळाली तेव्हा पहिली आणि तिसरी वापरायची असते, आपण तिथे नेमकी चौथी वापरतो. ग्रुपसाठी चौथी राखून ठेवा.

रात्रपाळी

मी रात्रपाळीत काम करतो. आसनं 'सकाळी उपाशीपोटी' करा, या नेहमीच्या सूचनेचं काय करायचं? सहाला सुटतो, साडेसातला घरी. तेव्हा सूर्यनमस्कार घातले तर झोप उडते.

अस्थिसंधी

तुमची सकाळ म्हणजे तुम्ही उठता ती. दुपारी तीनला उठत असाल तर सूर्यनमस्कार आणि बाकी दमवणारं तेव्हा करा. झोपण्याआधी करायच्या गोष्टी वेगळ्या. भिंतीला पाय टेकवून ५ ते १० मिनिटं पडून राहा. काचबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. मग दीर्घ रेचक, मग शवासन. शवासनात पायांत फूट-दीड फूट अंतर, हात अंगापासून वीतभर दूर, तळवे वर. कंबर टेकत नसेल तर गुडघ्यांखाली उशी. हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली चादरीची दोन बोटं घडी.

पोटाचं गणित घड्याळाशी नाही, जेवणाशी बांधलेलं आहे. पूर्ण जेवणानंतर साडेतीन-चार तास, हलक्या नाश्त्यानंतर दीड-दोन, चहानंतर अर्धा तास. वज्रासन याला अपवाद, ते जेवल्यावर लगेच चालतं. गुडघे कुरकुरत असतील तर पोटरी आणि मांडीच्या मध्ये टॉवेलची घडी ठेवा, घोटे दुखत असतील तर त्यांच्याखाली. गुडघ्याच्या आत टोचल्यासारखं दुखलं तर मात्र सोडून द्या. स्नायूचा ताण चालतो, सांध्याच्या आतली कळ चालत नाही. अहिंसा स्वतःच्या गुडघ्यालाही लागू आहे.

पाटपाणी

चादरीच्या घडीवर बसून पाहिलं, बराच फरक आहे. आता जेवणाकडे वळू या. मिताहार म्हणजे नेमकं किती? डाएट आणि मिताहार एकच का?

ओट्यापाशी

एक नाहीत. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात (१.५८) मिताहार म्हणजे स्निग्ध, गोड अन्न, पोटाचा चौथा भाग मोकळा ठेवून. तूप सोडा असं कुठे नाही! टीकेत वाटणी अशी: दोन भाग अन्न, एक भाग पाणी, चौथा वाऱ्याला. पोटात मोजपट्टी घालता येत नाही, म्हणून ताटात मोजायचं. नेहमी तीन पोळ्या आणि भात असेल तर एकदाच वाढून घ्यायचं आणि एक पोळी कमी. नंतर हवीशी वाटली तर पाच मिनिटं थांबून घ्यायची. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि समोर मोबाइल असला तर पोचलेलाही कळत नाही. भरभर जेवणाऱ्यांनी प्रत्येक घासाला हात ताटाबाहेर टेकवावा, पुढचा घास आधीचा गिळल्यावरच उचलावा. एवढ्यानेही जेवणाचा वेळ बराच वाढतो.

त्याच ग्रंथात (१.१५) योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी आहेत, त्यांत अत्याहाराच्या जोडीला नियमाग्रहही (नियमांचा अट्टहास) आहे. एकादशीला भगर आणि शेंगदाण्यांचं कूट तुडुंब खाणाऱ्यांना दोन्ही एका ताटात मिळतात.

दशदिशा

:) मोहरी तडतडली. कपालभातीबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) खूप आले, म्हणून इथेच लिहितो. हठप्रदीपिकेत ती प्राणायामात नाही, षट्कर्मांत आहे, म्हणजे शुद्धिक्रिया. श्वास झटक्याने बाहेर, आत येणं आपोआप. सुरुवात २० झटक्यांनी, अशा दोन-तीन फेऱ्या, मध्ये श्वास नेहमीसारखा होईपर्यंत थांबायचं. खांदे उडत असतील, चेहरा वाकडा होत असेल किंवा आवाज आत घेतानाही येत असेल तर वेग निम्मा करा. दिवसाला हजार झटके मोजणं हा नियमाग्रहच. गरोदरपण, मासिक पाळीचे दिवस, हर्निया, ताबा नसलेला रक्तदाब, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया: नको. कामाच्या खुर्चीत तर नकोच. आणि योगाने बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, मात्रा डॉक्टर ठरवतील.

धूळपाटी

शौचात, म्हणजे नियमांतल्या स्वच्छतेत, जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) येते का? आमच्याकडे रस्त्याचं काम चालू आहे, नाक सतत चोंदलेलं.

रेचक

येते, पण प्रमाण नेमकं पाळा. अर्धा लिटर पाणी आधी उकळून कोमट केलेलं. नळाचं किंवा बोअरचं कच्चं पाणी नाकात अजिबात घालू नका. त्यातला एक प्रकारचा अमिबा नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि तो आजार बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. मीठ साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा पाऊण चमचा, सपाट. मीठ कमी-जास्त झालं किंवा पाणी गार असलं की नाकात झोंबतं. डोकं पुढे झुकवून एका बाजूला कलतं, तोंडाने श्वास, निम्मं पाणी एका नाकपुडीतून, निम्मं दुसरीतून.

बिघडतं ते नंतर. नाकात उरलेलं पाणी काढायला पुढे वाकून डोकं डावीकडे-उजवीकडे वळवत, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच श्वास सोडा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाच्या नळीत ढकललं जातं आणि कान ठणकतो. नाक पूर्ण बंद असेल, कानाचा संसर्ग असेल किंवा घोणा फुटत असेल तर नेती नको. धुळीच्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

लोकलकर

लोकलमध्ये उभ्याने काय करता येईल? ठाणे ते भायखळा, बसायला जागा मिळत नाही हे गृहीत धरा.

अस्थिसंधी

पावलं खांद्यांइतकी लांब आणि गाडीच्या दिशेला तिरकी ठेवा, म्हणजे ब्रेक लागला तरी तोल जात नाही. गुडघे मागे आवळून ठेवू नका, किंचित मोकळे. वजन दोन्ही टाचांवर आणि अंगठ्याच्या मुळाशी. एका कुल्ह्यावर रेलून उभं राहायची सवय असेल तर दर स्टेशनला पाहा, पुन्हा तसेच झाला असाल. कडी धरलेला हात वर, पण खांदा खाली सोडलेला. मुलुंडला डावा, घाटकोपरला उजवा असा हात बदला. सॅक पुढे घेतली असेल तर पट्टे आखूड करा, ओझं पोटाशी लोंबलं की कमरेला खोलगा पडतो. डोळे उघडेच ठेवा आणि दाराजवळ असाल तर श्वासाचे अंक मोजू नका, दोन्ही हात दांड्यावर ठेवा.



सडेतोड

@अस्थिसंधी, मीटिंगमध्ये दोन तास खुर्चीत बसणाऱ्यांसाठीही असंच काही?

अस्थिसंधी

मागच्या खिशातलं पाकीट काढा, त्याने कंबर एका बाजूला तिरकी होते. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकू द्या. टेकत नसतील तर खुर्ची खाली घ्या किंवा पायांखाली फाइल ठेवा. खुबे गुडघ्यांपेक्षा बोटभर वर. दर अर्ध्या तासाने उभं राहता आलं तर उत्तम, नाहीतर टेबलाखाली पावलं टाचेवरून चवड्यावर पंधरा-वीस वेळा हलवा, पोटरीतलं रक्त वर चढायला मदत होते.